साहेबाची लढाई आणि आपली

तलासरीच्या शाळेत मी इतिहास शिकवते. राहायला मसोलीला, डहाणू रोडला लागूनच. माहेर डहाणूच्या किनाऱ्यावर, समुद्रावर जगणाऱ्या घरातलं. सकाळी आशागडवरून हायवेला जायचं, तिथून तलासरीची बस पकडायची आणि संध्याकाळी उलट यायचं, यात बरीच वर्षं गेली.

दुसरं महायुद्ध आणि त्यानंतर स्वतंत्र झालेल्या वसाहती हा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझी गाडी ‘वसाहत’ या शब्दावर अडते. आमच्या भागातल्या मुलांना वसाहत म्हटलं की औद्योगिक वसाहतच डोळ्यांसमोर येते. अर्ध्या वर्गाचे बाप नाहीतर भाऊ सीमेपलीकडे गुजरातेत ‘कंपनीत’ जातात. आपल्यावर आधी कंपनीचं राज्य होतं असं मी सांगितलं, तेव्हा एका मुलानं अगदी मनापासून विचारलं होतं, की ती कंपनी बनवायची काय. मी हसले, पण उत्तर देताना मलाच चार वाक्यं लागली आणि ती चारही त्याला पटली नाहीत.

म्हणून मी घरची गोष्ट सांगायला लागले. युद्धामुळे राज्य करणारा आणि ज्यांच्यावर राज्य केलं जातं ते, यांचं नातं कसं बदलतं हे पुस्तकापेक्षा त्या गोष्टीतून लवकर कळतं असं मला वाटायचं.

माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. मचवा म्हणजे शिडाची मालवाहू होडी आणि तांडेल म्हणजे तिचा प्रमुख. डहाणूच्या खाडीतून माल भरायचा आणि मुंबईला उतरवायचा, हे त्यांचं काम. रस्त्यात गोरा साहेब दिसला तर टोपी काढून कडेला उभं राहायचं, हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलेलं. पण युद्धाच्या काळात एक दिवस गोरा साहेबच आमच्या पाड्यात आला. बरोबर एक कारकून होता. साहेब आमच्या ओट्यावर बसला, चहा घेतला आणि कारकुनाच्या तोंडून म्हणाला, की रेल्वेचे डबे लष्कराला लागतात, तेव्हा तुमचा मचवा सरकारच्या मालाला द्या आणि समुद्रात काही वेगळं दिसलं तर आम्हाला कळवा. वर्गात मी इथे थांबायचे आणि म्हणायचे, “बघा, आधी हुकूम यायचा. आता साहेब घरी येऊन विचारायला लागला. साम्राज्याला गरज पडली.”

ही गोष्ट माझ्या आत्याची. तिनं लहानपणी ती डोळ्यांनी पाहिलेली. लग्नानंतर काही वर्षांतच विधवा होऊन ती माहेरी परतली आणि पुढे सुकी मासळी विकत राहिली. आज नव्वदीच्या आसपास असेल. मी तिच्या मांडीवर बसून ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलेली, की ओट्यावर बसलेला साहेब मला मीच पाहिल्यासारखा दिसायचा.

एका वर्षी अकरावीच्या वर्गात मी ती सांगितली आणि नेहमीसारखी थांबले. मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलणारी नव्हती. तलासरीपासून आत असलेल्या एका पाड्यावरून चालत यायची.

“मॅडम,” ती म्हणाली, “आमच्याकडे कोणी विचारायला आलं नव्हतं.”

ती उद्धटपणे बोलली नव्हती. मी धड्यात एखादी चूक केली असावी आणि ती दाखवून द्यावी, तेवढ्याच साधेपणानं बोलली होती. मी तिला बसायला सांगितलं, पुढचे मुद्दे फळ्यावर लिहिले, पण काय लिहिलं ते मला आठवत नाही.

तास संपल्यावर ती आपणहून जवळ आली. तिच्या बापाची आजी अजून आहे, ती लढाईचं सांगत असते, पण काय सांगते ते आपल्याला नीट कळत नाही, असं म्हणाली. आणि वर, “तुम्ही या एकदा. तुम्हाला कळेल.” तिनं मला खोटं पाडलं की घरी बोलावलं, हे मला बसमध्ये बसेपर्यंत ठरवता आलं नाही. दोन्ही असावं.

दिवाळीनंतर एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. तलासरीहून रिक्षानं थोडं आत आणि मग पायवाट. भात कापून झालेलं होतं. बांधांवरचं गवत पिवळं पडून वाळायला लागलं होतं. तिचं घर सरकारी योजनेतलं, सिमेंटचं. पण मागच्या बाजूला जुनी कुडाची झोपडी तशीच ठेवलेली आणि म्हातारी त्या झोपडीच्या दारात उन्हात बसून तूर सोलत होती. घरातले सगळे तिला डोकरी, म्हणजे म्हातारी, म्हणत. त्यांच्या बोलीत त्या शब्दाला वाईट वास नाही.

मुलीच्या आईनं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. खाली बसलेल्या नव्वदीच्या बाईसमोर आपण खुर्चीत बसायचं हे मला बरं वाटेना, म्हणून मी जमिनीवर बसले. तेव्हा आईची धांदल उडाली. शेजारून चटई आणायला तिनं कुणाला तरी पळवलं, ती मिळेना, आणि आई परत परत साडीला मातीचे हात पुसायला लागली. शेवटी मी उठून खुर्चीतच बसले आणि मग सगळ्यांना हायसं वाटलं. मला सोडून.

डोकरी त्यांच्या बोलीत बोलायची. आमच्या किनाऱ्यावरची बोली वेगळी, पण काही शब्द सारखे, काही गुजरातीचे, त्यामुळे मला निम्मं कळत होतं. उरलेलं मुलगी मराठीत सांगायची. मी विचारलं, “आजी, लढाईच्या वेळचं काय आठवतं?”

तिला खूपच आठवत होतं. ती सांगायला लागली, की सगळ्या पाड्यांतले लोक एका माळावर जमले होते. इतके लोक एका ठिकाणी तिनं त्याआधी पाहिले नव्हते. मग पोलीस आले. बाप्ये जंगलात गेले. बायकांनी रात्री घरात दिवा लावला नाही. बायका टोपलीत भाकर झाकून न्यायच्या आणि झाडाखाली ठेवून यायच्या.

मला काही जुळेना. महायुद्धात इथे पोलीस कशाला येतील? मी विचारलं, लष्करात भरती करायला आले होते का. ती म्हणाली, पकडायला आले होते. मी विचारलं, गोरा साहेब होता का बरोबर. तिनं विचारलं, कुठला साहेब. मी म्हटलं, आकाशातून विमानं जायची का. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, विमानं नव्हती, विळे होते, आणि तेही खाली ठेवलेले. मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. जपान, जर्मनी असे शब्द मी त्या अंगणात उच्चारले, याची मला आता लाज वाटते. किती तरी वेळ आम्ही अशा बोलत होतो, की माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर येत होतं आणि एकही उत्तर प्रश्नाचं नव्हतं.

मग डोकरीच थांबली. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या.

“तू कुठली लढाई विचारतेस?” ती म्हणाली. “साहेबाची की आपली?”

तेव्हा मला समजलं, की तिच्याकडे लढाया दोन होत्या. एक लांब कुठेतरी झालेली, साहेबाची. दुसरी ती संपल्यावर इथे झालेली, त्यांची. तिच्या मनात एक दुसरीला चिकटलेली होती. मी म्हटलं, दोन्ही सांगा.

तिनं दोन्ही सांगितल्या, पण एकीच्या मागे एक नाही. मी इथे लावून लिहिते आहे तशा ओळीनं तर नाहीच.

ते कसायचे ती जमीन सेठची, म्हणजे सावकाराची होती. गवताची वखारही सेठचीच. दिवाळी झाली की डोंगरउतारावरचं गवत कापायचं, भारे बांधायचे, डोक्यावरून वखारीत न्यायचे. तिथे ते दाबून त्याचे गठ्ठे व्हायचे. कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. वेठच ती. मिळालं तर थोडं भात मिळायचं, नाहीतर मार मिळायचा. हे आधीपासून होतं. पण साहेबाची लढाई लागली तेव्हा सेठची माणसं जास्त ओरडायला लागली. लष्कराच्या घोड्याखेचरांना गवत पाहिजे, साहेब खोळंबलाय, हात उचला, असं सांगायची. आधी डोंगराची एक बाजू कापायचे, आता दोन्ही कापायला लागले. तिची आई पोटुशी असताना भारा घेऊन जायची. त्या वर्षांत कापड मिळत नव्हतं. आई आणि काकू यांच्यात मिळून एकच धड लुगडं होतं, आणि जिला बाहेर जायचं ती ते नेसायची.

“साहेब कसा दिसायचा?” मी विचारलं.

तिनं साहेब कधी पाहिला नव्हता. तिच्या आईनंही नाही, बापानंही नाही. साहेब होता तो सेठच्या आणि त्याच्या माणसांच्या तोंडात. साहेब रागावलाय, साहेबाला पाहिजे, साहेब विचारतोय. इतकाच.

मग ती जे म्हणाली, ते मुलीनं मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ते मला नीट उमगलं नाही. ती म्हणाली, “एवढा मोठा साहेब, आणि आमचं गवत नसलं तर त्याचं अडतं. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. सेठच्या माणसांनीच ओरडून ओरडून सांगितलं.”

पुढे साहेबाची लढाई संपल्याचं कुणीतरी बाजारातून ऐकून आलं. लोकांना वाटलं आता गवत कमी लागेल. तसं झालं नाही. भारे तेवढेच मागत राहिले, आणि मारही. मग सभा व्हायला लागल्या आणि एका हंगामात सगळ्यांनी मिळून गवत कापलंच नाही. डोंगरावर ते उभंच वाळलं. ती त्यांची लढाई.

मी शिकवते त्या क्रमानं पुढचा प्रश्न विचारला. इंग्रज गेले तेव्हा काय वाटलं?

डोकरीनं मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी जरा ओशाळली. “ती म्हणते, ते आले कधी होते.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दीडशे वर्षांचं राज्य मला त्या खुर्चीत बसून चार वाक्यांतही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, ते मुंबईत असायचे. तिनं मान डोलावली. मुंबईत बरंच काय काय असतं, अशी ती मान होती.

मी निघायला उठले तेव्हा तिनं विचारलं, मी कुठली. किनाऱ्यावरची, डहाणूची, म्हटल्यावर तिनं माझ्याकडे नव्यानं पाहिलं. “म्हणूनच,” ती म्हणाली. खाडीवर मचवे लागायचे. वखारीतले गठ्ठे बैलगाडीनं तिथे जायचे आणि चढवायला बायकांना बरोबर न्यायचे. तिला आईबरोबर गेल्याचं आठवत होतं. मचवेवाले माझ्यासारखंच बोलायचे. त्यांच्यातला एक लाल टोपीवाला बायकांवर सेठच्या माणसांपेक्षा जास्त ओरडायचा, भरती निघून जाईल, हात चालवा म्हणून. पण मचवा भरला की मूठभर सुकट काढून बायकांच्या ओच्यात टाकायचा. सुकट म्हणजे बारीक सुकी कोळंबी. त्या मचव्यानं गवत कुठे जातं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. समुद्रात नेऊन टाकतात असं तिला वाटायचं.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय दिसत होतं ते आठवत नाही. आजोबा लाल टोपी घालायचे. पण त्या काळी किनाऱ्यावरचे सगळेच तांडेल लाल टोपी घालायचे. आजोबा ओरडायचे. पण भरतीची वेळ साधायची तर कोण ओरडणार नाही? आणि आजवर ‘सरकारचा माल’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लाकडी पेट्या यायच्या, लष्करी शिक्के मारलेल्या. आत्यानं पेट्या सांगितल्या होत्या की मीच मनात रचल्या होत्या, हे मला कळेना.

रविवारी मी आत्याकडे गेले. ती माझ्या चुलत भावाच्या घरात राहते, समुद्राला पाठ लावून असलेल्या जुन्या घरात. ओटा तोच, फक्त आता लादी बसवलेला. मी विचारलं, बाबा म्हणजे माझे आजोबा मचव्यातून गवत न्यायचे का. ती म्हणाली, छे, सरकारचा माल न्यायचे. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं तर म्हणाली, गवत नाही तर काय सोनं नेणार होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडली. तुला झालंय काय, म्हणाली, आधी तर साहेबाची गोष्ट सांग म्हणून मागे लागायचीस.

मग मी साहेबाची गोष्टच सांगायला सांगितली. आजवर मी ती ऐकली होती, तिला प्रश्न असा कधी विचारला नव्हता. या वेळी विचारला. चहा कशात दिला? कपात. आपल्याकडे कप होते का? नव्हते, मास्तरांच्या घरून आणला होता. साहेबाला आवडला का?

“त्यानं कुठे पिला,” ती म्हणाली. “धरून बसला होता. गेला तेव्हा तसाच भरलेला ठेवून गेला. मग आईनं तो आम्हा पोरांना वाटून दिला.”

मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले होते की साहेबानं आमच्या घरचा चहा घेतला. आणि आत्या काही खोटं बोललेली नव्हती. साहेबाला चहा दिला, एवढंच ती नेहमी म्हणायची. बाकीचं माझं होतं.

त्यानंतर मला शिकवताना अडखळायला व्हायचं. फळ्यावर मधोमध रेघ मारायची, डाव्या बाजूला साम्राज्य आणि उजव्या बाजूला वसाहत लिहायचं, ही माझी जुनी सवय. आजोबांना कुठल्या बाजूला लिहायचं? साहेबासमोर टोपी काढणारा माणूस डाव्या बाजूचा नव्हता. पण खाडीवर डोकरीच्या आईवर ओरडणारा माणूस, तो आजोबा असो की दुसरा कुणी, पूर्ण उजव्या बाजूचाही मला वाटेना. त्या मुलीकडे बघून शिकवायचं मी टाळायला लागले, आणि तिच्या ते लक्षात आलं असणार.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. डोकरीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डहाणूला झालं होतं आणि तपासणीसाठी त्या दोघी पुन्हा आल्या होत्या. गाडीला वेळ होता. मी त्यांना मसोलीला घरी बोलावलं. डोकरी काळा चष्मा लावून आली, पणतीचा हात धरून. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, इथवर आलोच आहोत तर खाडी बघायची. आईबरोबर यायची त्यानंतर ती खाडीवर कधी गेली नव्हती.

आम्ही रिक्षानं गेलो. खाडीवर आता यांत्रिक बोटी लागलेल्या, जेटीवर बर्फाचे क्रेट, डिझेलचा वास. डोकरीनं चष्म्यातून इकडेतिकडे पाहिलं आणि ही ती खाडी नव्हे म्हणाली. मी म्हटलं, हीच. ती म्हणाली, नव्हे. ऊन फार होतं, नुकतं ऑपरेशन झालेला डोळा, तिला उभं करून ठेवणं शक्य नव्हतं आणि आत्याचं घर चार पावलांवर होतं. मी त्यांना तिकडे नेलं ते उन्हामुळेच नेलं, असं म्हणता येईल. पण रिक्षात बसल्यापासून माझ्या मनात ते होतं.

आत्या ओट्यावरच बसली होती. समोर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले. मी ओळख करून दिली, तलासरीकडच्या पाड्यावरची आजी आहे, माझ्या विद्यार्थिनीची पणजी. आत्यानं सरकून जागा दिली. त्या दोघींना एकमेकींचं बोलणं मला कळायचं त्याहून जास्त कळत होतं. सुकी मासळी विकायला आत्या कधीकाळी आतल्या बाजारांत जायची, तिथली बोली तिच्या कानावर होती. गुडघे, डोळे, सुना यांचं झालं. चष्मा किती दिवस लावायचा हे झालं. मी उगीच उभी होते, आणि मुलगीही.

मग डोकरीनं सहज विचारलं, “तुझा बाप मचव्यावर होता?”

“तांडेल होता,” आत्या म्हणाली.

“गवत न्यायचा?”

“न्यायचा.”

मी तीनदा विचारून तीन उत्तरं घेतली होती. डोकरीला एका शब्दात एकच मिळालं.

“ओरडायचा का?”

“घरात पण ओरडायचा,” आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मला वाटत होतं आता काहीतरी येईल, आरोप किंवा माफी किंवा निदान एखादी लांब शांतता. तसलं काही आलं नाही. उलट आत्यालाच काहीतरी आठवलं. ती सांगायला लागली, की एका वर्षी मचवा रिकामाच उभा राहिला. दिवाळी झाली, शिमगा आला, गवत काही आलं नाही. बाबा रोज खाडीवर जायचे आणि हात हलवत परत यायचे. घरात पेजेशिवाय काही नव्हतं. धाकट्या भावाला देवी आल्या तेव्हा त्याला भाताची शितंसुद्धा मिळाली नाहीत, आणि तो गेला. आई विचारायची माल का येत नाही, तर बाबा म्हणायचे, लढाई संपली, साहेब आता आपल्याला विसरला.

हा भाऊ मी पहिल्यांदा ऐकत होते. माझे वडील आणि मोठे काका, एवढेच मला माहीत होते.

डोकरीनं चष्मा काढला. मुलगी म्हणाली काढू नकोस, पण तिनं ऐकलं नाही. डोळे मिटूनच ती बोलली.

“साहेब नाही विसरला. आम्ही कापलं नाही.”

आत्या तिच्याकडे वळली. “का?”

“मारायचे म्हणून.”

बोंबलांवर एक कावळा बसला होता. आत्यानं त्याला हाकललं नाही, एरवी ती दिवसभर तेच करते.

“मग आम्हाला सांगायचंत,” ती म्हणाली.

“तुम्हाला कोण सांगणार,” डोकरी म्हणाली. “तुम्ही मचव्यावर.”

यात राग नव्हता. किंवा असेल, मला ओळखता आला नाही. आत्यानं विचारलं, आता कापता का गवत. डोकरी म्हणाली, आता पोरं कंपनीत जातात, गवत गुरं खातात. त्यावर आत्या बरं म्हणाली. थोड्या वेळानं आत्या भिंतीला टेकून झोपल्यासारखी झाली आणि गाडीची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो.

रिक्षात मुलीनं विचारलं, “मॅडम, मग तुमचे आजोबा कुणाच्या बाजूचे?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. वर्गात मी असं उत्तर कधी देत नाही. डोकरी आमच्या मध्ये बसली होती आणि रस्त्याकडेच्या वाड्यांतली चिकूची झाडं एका डोळ्यानं बघत होती. ती म्हणाली, किती स्वच्छ दिसतंय.

आता त्याला काही वर्षं झाली. मुलगी बारावी होऊन नर्सिंगला गेली. डोकरीनं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं नाही, एक पुरतो म्हणाली. मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या युद्धाची बातमी असते आणि वर्गातली मुलं विचारतात, त्यांच्या लढाईनं आपल्याकडे काय होतं. मी सांगायला लागते आणि मध्येच मला त्या मुलाचा विचार येतो, माझा काका झाला असता त्याचा. पेजेवर गेला तो. त्याच्या मरणाला मी कुठल्या लढाईत धरायचं? साहेबाच्या की डोकरीच्या? डोकरीच्या लोकांनी विळे खाली ठेवले हे बरोबरच होतं, हे मी कुणालाही सांगेन. आणि आमच्या घरात त्या वर्षी पेजेशिवाय काही शिजलं नाही, हेही खरं. ही दोन वाक्यं शेजारी लिहिली की माझं डोकं चालेनासं होतं.

आत्या अजून साहेबाची गोष्ट सांगते. पण तिच्या गोष्टीत आता मिसळामिसळ झाली आहे. परवा भावाच्या नातवाला सांगत होती, की गवत का आलं नाही ते विचारायला साहेब आपल्या ओट्यावर आला होता. मी म्हटलं, आत्या, साहेब आधी आला होता. गवत बंद झालं ते नंतर. लढाई संपल्यावर.

“तू होतीस का तिथे?” तिनं विचारलं.

मी नव्हते. ती पुढे सांगत राहिली, की साहेबानं विचारलं, आणि बाबा टोपी न काढता म्हणाले, त्यांना मारता, म्हणून ते कापत नाहीत.